पणजोबांची लोखंडी टोपी आणि मागे टाकलेला पट्टा – जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गणपतीला गावी (श्रीवर्धनजवळ) गेलो होतो. माळ्यावरून मखराचं सामान काढताना पणजोबांची लोखंडी टोपी हाताला लागली. टोपी म्हणजे हेल्मेट. मधली काही वर्षं ती कोंबड्यांना पाणी ठेवायला होती. उथळ, ताटासारख्या रुंद काठाची, आतलं अस्तर गेलेलं, टाळूवर एक भोक.

पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत होते. माणगावात ज्यांचा पुतळा आहे ते व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथेच पडले. पणजोबा त्यांना ओळखत होते असं घरात सांगतात, पण आमच्या घरात पुष्कळ काही सांगतात.

टोपीसोबत एक फोटोही आहे. लॉरीला टेकून चार जवान, बाह्या दुमडलेल्या, एकाच्या हातात मग. चौघांच्याही टोपीचा पट्टा हनुवटीखाली नाही, डोक्यामागे टाकलेला. पणजोबांच्या टोपीवर जाळी आहे आणि जाळीखाली चपटी पुडी खोचलेली. आजी (त्यांची सून) म्हणते तंबाखू.

पट्टा असा का? आणि काकाने फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, ते चिकटलं नाही. त्याचं म्हणणं, हे लोखंडच नव्हे, गावच्या नाटकातलं सामान असणार. खरं काय?

प्रतिसाद १

काकांना सांगा, चुंबक न चिकटणं हीच चांगली खूण आहे. ब्रिटिशांच्या या टोप्या हॅडफील्डच्या मँगनीज पोलादाच्या असत. त्यात १२-१३ टक्के मँगनीज असतं आणि त्याला चुंबक धरत नाही. मूळ घडण जॉन ब्रॉडीची, १९१५ ची. खंदकात बसलेल्या माणसावर वरून तोफगोळ्याचे तुकडे पडायचे, म्हणून काठ छत्रीसारखा रुंद. समोरून सरळ आलेली गोळी अडवायला ती नव्हतीच. टाळूवरचं भोक अस्तराच्या स्क्रूचं.

पट्ट्याबद्दल: अमेरिकन सैन्यात समज होता की जवळ गोळा फुटला तर हवेचा झोत टोपीत शिरतो आणि बांधलेल्या पट्ट्यामुळे मान मोडते. म्हणून कितीतरी जण पट्टा सोडून हिंडत. शेवटी साधारण ७ किलोच्या ओढीला आपोआप सुटणारं बक्कल नव्याने बनवावं लागलं. ब्रिटिश टोपीचा पट्टा ताणला जाणारा, इलॅस्टिकचा होता, त्यामुळे तिथे ती भीती तेवढी नसावी. तुमच्या फोटोत तर हातात मग आहे! निवांत माणूस घामट पट्टा हनुवटीला कशाला लावून घेईल? पळायची वेळ आली की तोच पट्टा खाली यायचा, नाहीतर प्रत्येक उडीला टोपी नाकावर.

जाळी मात्र कामाची. ओलं पोलाद उन्हात चमकतं, शिवाय टोपीची गोल कड लांबून ओळखू येते. जाळीत पानं-फांद्या खोचल्या की दोन्ही झाकतं. आणि ती पुडी बहुतेक मलमपट्टीची असावी. जखमेवर बांधायची पट्टी जाळीखाली खोचायची सर्रास पद्धत होती.

काठाच्या आतल्या बाजूला कारखान्याची अक्षरं आणि साल ठोकलेलं असतं, ते बघा. जवानांना टोपी परत जमा करावी लागे, त्यामुळे ती नंतर भंगारातून घेतलेलीही असू शकते. वायरब्रश लावू नका, मूळ रंग जाईल. सुक्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा हलका हात द्या, तिकडच्या खाऱ्या हवेत तेवढं लागेलच.

धागाकर्ता

मनापासून आभार! साल दिसत नाही. आजोबांनी कधीतरी दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट आतून-बाहेरून फासलाय. तो मूळ रंगाला धक्का न लावता कसा काढायचा, कुणी सांगेल का?

मलमपट्टीचं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मेल्या, त्यांची तंबाखूची चंची चाळीस वर्षं मी भरली, मला शिकवतोस?"