नोंदणी हाच रुग्णाचा पुरावा
डॉक्टरांना परवान्याची सक्ती नसली तरी वाईट डॉक्टरांना ग्राहक न्यायालये वठणीवर आणतील, असे काही जण म्हणतात; हा मुद्दा पटत नाही, कारण न्यायालयालाही निवाड्यासाठी डॉक्टरच्या नोंदणीचाच, म्हणजे त्याला कोणत्या उपचारपद्धतीची परवानगी आहे याच्या अधिकृत नोंदीचाच, आधार लागतो. १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, केवळ होमिओपॅथीची नोंदणी असताना अ‍ॅलोपॅथीची औषधे देणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जिची तक्रार फेटाळली होती त्या मृत रुग्णाच्या विधवेला ३ लाख रुपयांची भरपाई दिली. औषध कसे चुकले हे सिद्ध करणे सामान्य कुटुंबाच्या (विशेषतः दुःखात बुडालेल्या) आवाक्याबाहेरचे असते. नोंदणीबाहेर जाऊन उपचार केले, एवढे मात्र दाखवता येते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून विशिष्ट अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना अ‍ॅलोपॅथीची औषधे देण्याची मुभा दिली, तेव्हापासून ती रेषा पुसट झाली आहे आणि मला खरी चिंता त्याचीच वाटते.