'श्रेष्ठतम' म्हणणं चूक आहे का?

अनुस्वार
हल्ली गौरवपत्रांत 'श्रेष्ठतम कामगिरी' सर्रास दिसतं आणि दर वेळी खटकतं. श्रेष्ठ हेच टोक आहे. 'अतिशायने तमबिष्ठनौ' या सूत्रात पाणिनीने तम आणि इष्ठ हे प्रत्यय एकाच कामासाठी सांगितलेत, अनेकांत वरचढ कोण ते दाखवायला. 'प्रशस्य'ला इष्ठ लागताना त्याच्या जागी 'श्र' येतो आणि श्रेष्ठ होतो. त्याला पुन्हा तम कशाला? 'सर्वश्रेष्ठ'ही त्याच माळेचा मणी.

गवाक्ष
साफ असहमत. कुरुश्रेष्ठ म्हणजे कुरूंमध्ये श्रेष्ठ, तसा सर्वश्रेष्ठ म्हणजे सर्वांमध्ये. 'सर्व'ने तुलना कोणाकोणात ते कळतं, द्विरुक्ती होत नाही. आणि शुक्ल यजुर्वेदाचा पहिलाच मंत्र बघा: 'देवो वः सविता प्रार्पयतु श्रेष्ठतमाय कर्मणे'. काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका याच सूत्राखाली हा मंत्र देते आणि सांगते की वरचढांमध्येच पुन्हा तुलना करायची असेल तर आणखी एक प्रत्यय लागतो. तिथलंच दुसरं उदाहरण, 'युधिष्ठिरः श्रेष्ठतमः कुरूणाम्'.

अनुस्वार
मग काशिकेची अटही पाळा ना. आधी श्रेष्ठांची रांग हवी, त्यातला एक श्रेष्ठतम. गौरवपत्रात अशी रांग कुठे असते? नुसता श्रेष्ठ फिका वाटतो म्हणून तम चिकटवतात. माझा विरोध त्याला आहे.

ओवी
तुम्ही दोघं संस्कृतात भांडताय, शब्द वापरला जातोय मराठीत. आपण 'त्याच्यापेक्षा श्रेष्ठ' बिनदिक्कत म्हणतो. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ हेही इष्ठवालेच, पण ज्येष्ठ नागरिक म्हणजे गावातला सर्वांत म्हातारा माणूस नव्हे, आणि एकाच कचेरीत वरिष्ठ ढीगभर असतात. मराठी कानाला तो इष्ठ ऐकूच येत नाही, म्हणून 'सर्वांत' नाहीतर 'तम' जोडावा लागतो. याला अडाणीपणा म्हणू नका. गीतेतल्या 'यद्यदाचरति श्रेष्ठः'मध्येही थोर माणूस एवढाच अर्थ आहे, पहिल्या नंबराचा नव्हे.

अनुस्वार
गीतेचं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. सगळे ज्याचं पाहून वागतात त्या माणसाला तिथे नुसतं 'श्रेष्ठ' पुरलं. मग एका प्रमाणपत्राला का पुरू नये? बाकीच्यांना 'उत्तम' म्हणा, श्रेष्ठ राखून ठेवा.

ओवी
उत्तम म्हणजे तरी काय, उद् अधिक तम! तोही टोकाचाच शब्द. त्याचे सर्वोत्तम आणि अत्युत्तम होऊन किती काळ लोटला, आणि ते तुम्हीही वापरत असालच.