तीन दिवसांत दुकानात माणूस तयार होतो?

शटरवाला_दादर
नव्या पोराला पंधरा दिवस ट्रेनिंग देणं म्हणजे पैसा पाण्यात. मुंबईत हजार रुपये जास्त मिळाले की तो समोरच्या दुकानात जातो. तीन दिवस पुरे. पहिल्या दिवशी माल दाखवा, दुसऱ्या दिवशी बिलिंग, तिसऱ्या दिवशी काउंटरवर उभं करा. बाकी गर्दी शिकवते. मॅनेजरने विक्री बघावी, शाळा चालवू नये.

फ्लोअर_इन्चार्ज
हे वाचून गप्प बसवत नाही. गर्दी शिकवत नाही. गर्दीत पोरगं चूक लपवायला शिकतं.

बारकोड लागला नाही की ते शेजारच्या, त्याच किमतीच्या मालाचा बारकोड मारतं. गिऱ्हाईक खूश, रांग पुढे सरकते. पण सिस्टिममध्ये एका मालाचा स्टॉक उणे जातो, दुसऱ्याचा फुगतो. ऑर्डर त्या आकड्यांवरून निघते, म्हणून जो माल संपलाय तोच येत नाही. दुधा-दह्याच्या फ्रिजचंही तेच. घाईत नवी पाकिटं पुढे लावली की जुनी मागे राहून तारीख उलटते. महिनाअखेरीला तुम्ही याला चोरी म्हणता.

शिकवायचं कसं? कप्पा पूर्ण रिकामा करायचा, पुसायचा, जवळची तारीख पुढे, लांबची मागे. एकदा करून दाखवा, दोनदा त्याच्याकडून करून घ्या, मग ‘असं का करायचं’ हे त्यालाच सांगायला लावा. दुपारी ३ ते ५ गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा रोज चाळीस मिनिटं, एका दिवशी एकच काम. पंधरा दिवसांचे होतात दहा तास. आणि ज्या जुन्या माणसाकडे पोरगं सोपवाल त्याचं तेवढ्या दिवसांचं टार्गेट कमी करा. नाहीतर तो त्याला गोडाउनात खोकी फोडायला बसवतो.

शटरवाला_दादर
चाळीस मिनिटं कागदावर छान दिसतात. माणसं चार, एकाची सुट्टी, एक जेवायला, एक गल्ल्यावर. शिकवायचं कोणी? आणि माझ्याकडे सोपा इलाज आहे. गल्ल्यात तीनशे कमी आले की पगारातून तीनशे कापायचे. दुसऱ्या दिवसापासून पोरगं नीट मोजतं. हेच ट्रेनिंग.

हिशेबनीस
याला ट्रेनिंग म्हणू नका, ही लूट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून नियम एकच आहे: नुकसान त्या माणसाच्याच हलगर्जीमुळे झालं असेल तर, झालं तेवढंच, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर कापता येतं. शटर ओढता ओढता परस्पर नाही.

आधी गल्ला कमी का आला ते तरी बघा. ४८० चं बिल गिऱ्हाईकाने यूपीआयने दिलं आणि पोराने घाईत ‘कॅश’चं बटण दाबून बंद केलं, तर गल्ल्यात ४८० कमी दिसतात आणि बँकेत ४८० जास्त येतात. तुम्ही पगारातून कापलेत म्हणजे दुकानाला तेच पैसे दोनदा मिळाले! दुसरं कारण, एकाच लॉगिनवर दोघं बसतात. तिसरं, माल परत घेऊन रोख दिली पण बिल रद्द केलं नाही. चौथं, दहाच्या नोटांचं बंडल पुऱ्या शंभर नोटांचं धरून न मोजता घेतलं.

शटरवाला_दादर
तुम्ही सगळे पोरांचे वकील. दिवसाला पाच-सातशे बिलं होतात. प्रत्येक बिलामागे धावू का?

हिशेबनीस
बिलामागे नाही, प्रकारामागे. सिस्टिमचा झेड रिपोर्ट, म्हणजे दिवसअखेरचा विक्रीचा गोषवारा, काढा. रोख, कार्ड, यूपीआय यांचे तीन आकडे प्रत्यक्षाशी वेगवेगळे जुळवा. एकात जेवढे कमी तेवढेच दुसऱ्यात जास्त असतील तर बटण चुकलंय. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते मॅनेजरचं आहे.

कढईकाठ
तुमचं गल्ल्याचं भांडण चालू द्या, पण मूळ प्रश्न हॉटेलांचाही आहे. तीन दिवसांच्या पोराला किचनमध्ये सोडलं तर लोक आजारी पडतात. कच्चं चिकन फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, खाली कापलेली काकडी. रक्त-पाणी खाली ठिबकतं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये ताटकळलं की जंतू झपाट्याने वाढतात. भाताचं मोठं पातेलं झाकून तसंच ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. पसरट ट्रेमध्ये थर पातळ पसरून मगच फ्रिजमध्ये टाकायचा. तळणाच्या तेलातल्या पोलर घटकांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या खराब घटकांची, मर्यादा २५ टक्के, १ जुलै २०१८ पासून. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, सांगितलाय. पण त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि तो स्वतः दिवसभर पार्सल काउंटरवर असेल तर उपयोग काय?

माटुंगा_फिल्टर
आपल्याकडच्या उडपी हॉटेलांत कुठे होते वर्ग? मोरीपासून सुरुवात, मग पाणी, टेबल, ऑर्डर, शेवटी गल्ला. माणूस आपोआप तयार व्हायचा.

फ्लोअर_इन्चार्ज
आपोआप नव्हे, पायरीपायरीने. एक काम हातात बसल्याशिवाय पुढचं मिळत नसे. शटरवाले पोराला तिसऱ्या दिवशी थेट शेवटच्या पायरीवर बसवतायत. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

माटुंगा_फिल्टर
एवढं मान्य. पण तेव्हा माणसं वर्षानुवर्षं टिकत, आता टिकत नाहीत, हा शटरवाल्यांचा मुद्दा राहतोच.

हिशेबनीस
पहिल्याच पगारात तीनशे कापल्यावर कोण टिकेल?

शटरवाला_दादर
कापणं थांबवतो, म्हणा जिंकलात. पंधरा दिवस मात्र देणार नाही. आठवडाभर दुपारची चाळीस मिनिटं बघतो, आणि त्या आठवड्यात पोराला गल्ल्यावर बसवत नाही. पण सुट्या पैशांचं काय? सकाळच्या पोराने दोन हजारांची चिल्लर घेतली, दुपारच्याने न मोजता ताब्यात घेतली, रात्री दोनशे कमी. कोणाचे धरायचे?

हिशेबनीस
न मोजता दिले-घेतले, तर कोणाच्याच माथी मारता येत नाहीत. शिफ्ट बदलताना काउंटर पाच मिनिटं बंद ठेवा. दोघांनी समोरासमोर मोजायचं, ५०० पासून १ रुपयापर्यंत किती नोटा, किती नाणी ते चिठ्ठीवर लिहायचं, दोघांच्या सह्या, चिठ्ठी गल्ल्यातच. लॉगिनही तिथेच बदलायचं. संध्याकाळची शिफ्ट सहाला बदलत असाल तर चारला बदला. सहाला रांग असते, आणि रांगेत कोणी मोजत नाही.