जळगावात इंटिरियर स्टुडिओ सुरू करतेय: लोगो आधी मराठीत की इंग्रजीत?

तापीकाठची
नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. पुण्यात इंटिरियरचं शिकले, तिथंच एका स्टुडिओत काम केलं, आता जळगावात स्वतःचं सुरू करतेय. रिंग रोडला पहिल्या मजल्यावर गाळा घेतलाय. नाव इथं लिहीत नाही, नोंदणी व्हायचीय. तीन अक्षरी मराठी शब्द आहे, त्यात ळ येतो.

पुण्यातल्या मैत्रिणीने लोगो करून दिला. बदामी रंगावर करडी, अगदी बारीक इंग्रजी अक्षरं. मोबाइलवर फार देखणा दिसतो. पण बोर्डवाले दादा म्हणतात, रस्त्यावरून वाचताच येणार नाही. पप्पांचं म्हणणं, नावापेक्षा 'इंटिरियर' मोठं लिही आणि शेजारी सोफ्याचं चित्र टाक. मला दोन्ही पटत नाही. माझं काम साधं असतं: सागवान, कोटा फरशी, चुन्याचा गिलावा, मे महिन्यातही घर थंड राहील अशी मांडणी. हे बोर्डावरून कळायला हवं, की बोर्डाने नुसतं नाव सांगावं? बजेट थोडं आहे. आधी कशावर खर्च करू?

अक्षरवाला भुसावळ
ताई, बोर्ड बनवणं हाच माझा धंदा, म्हणून सविस्तर लिहितो.

मराठी अक्षर आधी काढून घ्या, इंग्रजी त्याच्यावरून. कायद्याचं आधी सांगतो. दुकाने व आस्थापनांचा 2017 चा अधिनियम आहे, त्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी माणसं असली तरी पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. इंग्रजी लोगो तयार करून मागाहून खाली मराठी चिकटवलेले बोर्ड मी रोज बघतो. दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसल्यासारखी ती अक्षरं दिसतात.

आता मापाचं. आमच्या धंद्यात ढोबळ हिशोब असा, की दहा फुटांना एक इंच अक्षर. पलीकडच्या कडेने, साठ फुटांवरून गाडीवर जाणाऱ्याला वाचता यायचं तर सहा इंच हवेत. हे सहा इंच मूळ अक्षराचे बरं का. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, यांना जागा वेगळी. त्यामुळे बारा इंची पट्टीत इंग्रजी कॅपिटल अक्षरं जवळपास पूर्ण बसतात, तिथं मराठीला सात-आठच मिळतात. पट्टी त्या हिशोबाने उंच घ्या.

तुमच्या नावातला ळ नीट बघा. त्याला दोन पोटं असतात. दांडा फार जाड केला की व्हिजिटिंग कार्डावर ती बुजतात आणि रात्री एलईडी लागली की नुसता पांढरा गोळा दिसतो. दांडा फार बारीक केला तर आत एलईडीची पट्टीच बसत नाही. म्हणून ळ आधी काढायचा, तो मोकळा आणि भक्कम जमला की बाकीची दोन अक्षरं त्याच्या जाडीने काढायची. शिरोरेषा तोडू नका. हल्ली फॅशन म्हणून तोडतात, पण ती अख्खी असली की पूर्ण शब्द एकसंध कापता येतो, भिंतीवर सरळ बसतो आणि वाऱ्या-वादळात एकेक अक्षर निखळत नाही.

बदामीवर करडं मात्र सोडा. आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, वर धूळ. महिनाभरात दोन्ही रंग एकच दिसतील. छापील शाईत पिवळा आणि गुलाबी उन्हात आधी उडतात, जुने फ्लेक्स निळसर पडलेले दिसतात ते त्यामुळेच. मुख्य बोर्डाला छपाई नकोच. काळ्या मातीसारखा गडद रंग खाली, वर चुन्यासारखी पांढरी अक्षरं. तुमच्या गिलाव्याशीही ते जुळतं. सोफा नको. पप्पांना सांगा, 'इंटिरियर' खालच्या ओळीत येईल, पण सुटं आणि स्वच्छ.

कोर्टाजवळचा
नोंदणीचं थोडक्यात. इंटिरियर डिझाइनची सेवा ट्रेडमार्कच्या वर्ग 42 मध्ये येते. फर्निचर स्वतःच्या नावाने विकणार असाल तर वर्ग 20 वेगळा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. बोर्ड करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव शोधून बघा. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर कार्डावर 'आर्किटेक्ट' लिहू नका, 1972 च्या कायद्याने ती पदवी नोंदणी असलेल्यांनाच लावता येते.

धुळ्याची वहिनी
मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आम्ही घराचं काम करून घेतलं, तेव्हा बोर्ड बघून कुणाकडे गेलो नव्हतो, नणंदेचं स्वयंपाकघर बघून गेलो. आमच्या घरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खानदेशची देवी, बसते. रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद येतात, त्याआधी घराला रंग देतोच. एवढी माणसं घर बघतात, कपाटं उघडून बघतात आणि कुणीतरी विचारतंच, "कितला लागनात?" म्हणजे किती पैसे लागले.

त्या वेळी माझ्याजवळ सांगायला कागद नव्हता. कोटेशनमध्ये नुसतं 'चांगल्या कंपनीचं प्लाय' लिहिलेलं. सिंकखालचं दार फुगलं तेव्हा कळलं की तिथं पाण्याला टिकणारं, आयएस 710 या भारतीय मानकाचं प्लाय लागतं आणि लावलं होतं साधं. कोणी लावलं ते सांगत नाही. पण ताई, पैसे थोडे असतील तर आधी कोटेशन नीट करा. कोणत्या कपाटाला कोणतं प्लाय, त्याचा आयएस नंबर, बिजागरी कोणती, सगळं मराठीत. आणि घर सोपवताना एक फाइल द्या: रंगाचे शेड नंबर, लॅमिनेटचे कोड, पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी कुठून गेल्यात त्याचे फोटो. वर तुमचं नाव. भिंतीला खिळा ठोकायचा झाला तरी बाई ती फाइल काढणार आणि पाहुण्यांनाही दाखवणार.

तापीकाठची
वहिनी, हे मला सुचलंच नसतं. ड्रॉइंगच्या ए-थ्री कागदावर कोपऱ्यात नावाची चौकट असते, फाइलला तीच वापरते. दादा, मैत्रिणीला ळ पासून सुरुवात करायला सांगते. तुम्हाला फाइल कोणत्या प्रकारात लागेल?

अक्षरवाला भुसावळ
कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची म्हणजे कोरल फाइल आणि पीडीएफ, दोन्ही. अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्ट न ठेवता नुसते आकार करून, पाठवायला सांगा. इथल्या प्रेसमध्ये जुनं कोरल असतं, युनिकोड मराठी त्यात फुटते, वेलांट्या भलतीकडे जातात. एकरंगी काळी प्रतही घ्या, बिलबुकाला आणि शिक्क्याला तीच लागेल. बोर्डाआधी कागदावर खऱ्या मापाची अक्षरं छापून गाळ्यावर टांगा आणि दुपारी बाराच्या उन्हात रस्त्यापलीकडून बघा. वाचता आलं की मला माप कळवा.