वर्गणीच्या फॉर्ममध्ये टाइप करतानाच कॉमे टाकायचे तर कर्सर शेवटी पळतो, काय करू?

जीरावन_जेएस, इंदूर

नमस्कार मंडळी. गल्लीतल्या गणपती मंडळासाठी वर्गणीची पावती करायचं छोटंसं वेबपान रिॲक्टमध्ये (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) बनवून राहिलोय. पगारी काम नाहीये, आमच्या काकांनी "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना" म्हणून गळ्यात मारलंय आणि आता मागं हटायची सोय नाही. फॉर्म साधा आहे, नाव, मोबाईल, रक्कम, तारीख आणि दुकानदार असेल तर जीएसटी नंबर.

घोळ रकमेच्या खान्यात आहे. काकांना टाइप करतानाच १,५१,००० असे कॉमे दिसायला पाहिजेत, शून्यं मोजता येत नाहीत म्हणतात, आणि ते खरंच आहे. म्हणून मी ऑनचेंजमध्ये, म्हणजे खान्यात काही बदललं की चालणाऱ्या कोडमध्ये, खान्यातली व्हॅल्यू घेतो, कॉमे काढतो, नंबर फंक्शनमधून आकडा करतो, टूलोकेलस्ट्रिंगला इंग्रजी-इंडिया लोकेल (त्या भाषेची आणि देशाची आकडे लिहायची पद्धत) देऊन परत कॉमे लावतो आणि तेच स्टेटमध्ये, म्हणजे रिॲक्ट लक्षात ठेवतं त्या व्हॅल्यूत, टाकतो. शेवटपर्यंत सरळ टाइप केलं तर झकास चालतं. पण मधला आकडा बदलायला गेलं की बोंब. काल १,५१,००० मधला ५ खोडला, झालं ११,०००, कर्सर उडी मारून शेवटी गेला, मला कळलंच नाही, मी २ दाबला आणि तयार झाले १,१०,००२. काकांनी पावती छापलीसुद्धा.

अजून, खाना पूर्ण पुसला तर ० येऊन बसतो. पॉइंट टाइपच होत नाही, दाबला की गायब. आणि काकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, ते देवनागरी आकडे टाकतात, तर खान्यात चक्क नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे हा आकडाच नाही) दिसतं. काका विचारतात हे नॅन कोण. मग मी हुशारी करून लोकेल मराठी-इंडिया करून बघितलं, तर पहिला आकडा छान मराठीत उमटला आणि दुसरा दाबला की माझ्याही लॅपटॉपवर नॅन.

याच्या आधीची आवृत्ती तर सांगायला लाज वाटते, तिथे सेव्ह करताना पार्सइंट (मजकुरातून पूर्ण आकडा काढणारं फंक्शन) लावलं होतं आणि एक लाख एक्कावन्न हजारांची देणगी यादीत १ रुपया म्हणून चढली. ती यादी देणगीदारांच्या ग्रुपवर गेली होती. प्लीज मदत करा.

छप्पनचा_पंटर

भिया इनपुटला टाइप नंबर लाव ना, संपला विषय. एवढं काय पुराण लावलंय.

रामबागवाली

टाइप नंबर लावून विषय संपत नाही हो पंटरभाऊ, उलट तिथून सुरू होतो. नंबरच्या खान्यात कॉमावाली व्हॅल्यू दिलीत तर ब्राउझर ती मान्यच करत नाही, खाना सरळ रिकामा दाखवतो. कर्सर कुठे आहे ते विचारलं तर नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं, आणि कर्सर हलवायला गेलात तर एररच येते. वर क्रोममध्ये ई हे अक्षर चालतं, कारण १ई५ हासुद्धा त्याच्या लेखी आकडाच. मी एका ऑफिसच्या बिलाच्या फॉर्ममध्ये हा प्रकार भोगलाय, खान्यात कर्सर होता, बाईंनी पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं आणि बिल तीन रुपयांनी कमी झालं. कुणाला दोष देणार. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड यावा एवढंच हवं असेल तर टाइप टेक्स्टच ठेवा आणि इनपुटमोडला डेसिमल द्या.

आता जीरावन, तुझ्या फॉर्मबद्दल. तू एकाच स्टेटकडून दोन कामं करून घेतोयस, माणसाला दाखवायचा मजकूरही तीच आणि हिशोबाचा आकडाही तीच. तिथेच सगळं अडकलंय. माणूस टाइप करत असतो तेव्हा खान्यात असतो तो अर्धवट मजकूर, अजून आकडा झालेला नसतो. "५०१." हा मजकूर म्हणून बरोबर आहे, पुढे ५० येणार आहेत, पण तू लगेच त्याचा आकडा केलास की ५०१ उरतो आणि पॉइंट मेला. रिकाम्या स्ट्रिंगला (स्ट्रिंग म्हणजे मजकूर) नंबर फंक्शन शून्य देतं म्हणून तुझा तो ०. आणि पार्सइंट पहिल्या कॉमापाशी थांबतं, पुढचं बघतही नाही, म्हणून लाखाचा रुपया झाला.

कर्सरचं कारण पण ऐक. तू टाइप केलंस तेच स्टेटमध्ये परत आलं तर रिॲक्ट खान्याला हातच लावत नाही. वेगळं काही आलं, एक कॉमा जास्त का होईना, की ते नवी व्हॅल्यू खान्यात घालतं, आणि बाहेरून व्हॅल्यू घातली की ब्राउझर कर्सर शेवटी नेऊन ठेवतो. त्यात रिॲक्टची तरी काय चूक.

सोपा उपाय असा की स्टेटमध्ये माणसानं टाइप केलेली स्ट्रिंग जशीच्या तशी ठेव. खान्यात फोकस असेपर्यंत तीच दाखव. खान्यातून बाहेर पडला, म्हणजे ऑनब्लर झालं, की कॉमे लावून दाखव, परत आत आला की कॉमे काढ. आणि सुरुवातीची स्टेट रिकामी स्ट्रिंग ठेव, अनडिफाइन्ड नको, नाहीतर अनकंट्रोल्ड (ब्राउझरच्या ताब्यातल्या) इनपुटचं कंट्रोल्ड (रिॲक्टच्या ताब्यातलं) केलंस म्हणून ब्राउझरचा कन्सोल लाल अक्षरात ओरडतो.

जीरावन_जेएस, इंदूर

ताई खूप धन्यवाद, ब्लरवालं केलं, कर्सर शांत झाला. पॉइंट पण येतो. पण दोन गोष्टी. एक तर काका रक्कम टाकून थेट एंटर मारतात, तेव्हा सेव्ह होणारी व्हॅल्यू कधी कॉमावाली असते कधी बिनकॉमाची. आणि दुसरं, काका म्हणतात टाइप करताना कॉमे दिसत नाहीत तर मग उपयोग काय, बाहेर पडल्यावर बघून काय करू.

जुना_कोडर

एंटरचं आधी सांगतो. एंटर मारला की फॉर्म सबमिट होतो पण फोकस खान्यातच राहतो, ब्लर येतच नाही. म्हणून ब्लरमध्ये फक्त दिसण्याची कामं करायची, हिशोब त्याच्या भरवशावर सोडायचा नाही. स्ट्रिंगचा आकडा करणारं एकच फंक्शन लिही आणि सेव्ह करताना, बेरीज करताना, तपासताना, सगळीकडे तेच बोलाव. माझ्या अनुभवात निम्मे घोळ हे एका फाइलमध्ये पार्सइंट, दुसऱ्यात नंबर आणि तिसऱ्यात नुसतं अधिकचं चिन्ह लावल्यानं होतात, कारण इनपुटची व्हॅल्यू कायम स्ट्रिंग असते आणि ५०० अधिक १०१ चे ५००१०१ होतात. देणगीदार खूष होईल, खजिनदार नाही.

त्या फंक्शनमध्ये पहिलं काम देवनागरी आकडे बदलण्याचं. रेगेक्समधला, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातला, बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी आकडे पकडतो, आपले पकडत नाही, तेव्हा ० ते ९ अशी देवनागरीचीच रेंज लिही. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे, अक्षराच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की हातात साधा आकडा. मग कॉमे, स्पेस आणि रुपयाचं चिन्ह काढून टाक. उरलेल्यात आकडे आणि एखाद्या पॉइंटशिवाय काही असेल तर नॅन दाखवत बसू नकोस, "रक्कम नीट लिहा" असा मेसेज दे. रिकामं असेल तर नल परत कर, शून्य नको. वर्गणी लिहिलीच नाही आणि शून्य रुपये दिली यात फरक आहे, कुणाच्या घरी जाऊन हे सांगायची वेळ आली की कळतो. सेव्ह रुपयांत नको, पैशांत कर, पूर्ण आकड्यात, पण गुणाकारानंतर राउंड करायला विसरू नकोस, १९.९९ ला १०० नं गुणलं तर जावास्क्रिप्टमध्ये १९९९ येत नाहीत, किंचित कमी येतं.

तुझं मराठी लोकेलचं नॅन पण याच्यातच सुटतं. मराठी-इंडिया लोकेल आकडे आपणहून देवनागरीत काढतं, आणि पुढच्या वेळी तू तेच नंबर फंक्शनला खायला घालतोस, त्याला देवनागरी वाचता येत नाही. हिंदी-इंडिया दिलं असतंस तर इंग्रजी आकडेच आले असते. मराठी लोकेल ठेवून इंग्रजी आकडे हवे असतील तर लोकेलच्या नावापुढे नंबरिंग सिस्टिम लॅटिन असल्याचं जोडता येतं. इंटल (भाषेनुसार आकडे मांडायची जावास्क्रिप्टमधली सोय) नंबरफॉरमॅटचा ऑब्जेक्ट एकदाच बनवून बाहेर ठेव, दर बटणाला नवा कशाला.

टाइप करतानाच कॉमे पाहिजेत तर मात्र घाम गाळावा लागेल. ऑनचेंजमध्ये सिलेक्शनस्टार्टवरून कर्सर कुठे आहे ते घे आणि त्याच्या डावीकडे किती आकडे आहेत ते मोज, आकडे आणि पॉइंट फक्त, कॉमे नाही. कॉमे लावून झाल्यावर नव्या स्ट्रिंगमध्ये डावीकडून तेवढेच मोजत जा आणि कर्सर तिथे ठेव. हे यूजलेआउटइफेक्टमध्ये, म्हणजे बदल पडद्यावर दिसायच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये, कर, साध्या इफेक्टमध्ये केलंस तर कर्सर शेवटी जाऊन परत येताना डोळ्याला दिसू शकतो. कॉमे पॉइंटच्या आधीच्या भागालाच लाव, नंतरचा भाग जसा टाइप झाला तसाच चिकटव, नाहीतर "५०१.५०" टाइप करताना शेवटचं शून्य खाल्लं जाईल. आणि कुणी कॉमाच्या लगेच पुढे बॅकस्पेस मारला तर कॉमा जातो, तू तो परत लावतोस, माणूस दाबत राहतो आणि काहीच होत नाही. तिथे कॉमाच्या डावीकडचा आकडा खोडायला लागतो.

मी तुझ्या जागी असतो तर हे केलंच नसतं. खान्याच्या खाली बारीक अक्षरात, टाइप होत असतानाच, "₹१,५१,०००" असं जिवंत दाखवलं असतं. खान्याला कुणी हात लावत नाही, कर्सर जागच्या जागी, काकांना शून्यं मोजावी लागत नाहीत.

बडोद्याचा_पाहुणा

आम्ही दांडिया बाजारवाले इकडे रिॲक्टऐवजी व्ह्यू वापरतो, तिथले दोन अनुभव सांगतो, इंदूरकरांनी घुसखोरी माफ करावी. व्ही-मॉडेलला (खाना आणि व्हॅल्यू जोडणारी व्ह्यूची सोय) नंबरचा मॉडिफायर लावला की सगळं आपोआप होतं असं मला वाटायचं, पण तो आतून पार्सफ्लोटच वापरतो, म्हणजे कॉमा आला की तुमच्या त्या पार्सइंटसारखाच एक रुपया. आणि काही वाचता आलंच नाही तर मूळ स्ट्रिंग तशीच परत देतो, तेव्हा पुढचा कोड आकडा समजून चालला तर गोत्यात. लेझीचा मॉडिफायर मात्र कामाचा, दर अक्षराला न होता बदल पक्का झाल्यावर व्हॅल्यू घेतो.

दुसरा त्रास फोनच्या मराठी कीबोर्डचा. शब्द जुळत असताना, म्हणजे खाली रेघ दिसत असते ना तेव्हा, व्ही-मॉडेल व्हॅल्यू बदलतच नाही, शब्द पक्का झाला की मग बदलतो. मी नावाच्या खान्यावर लाइव्ह शोध लावला होता, स्पेस दिल्याशिवाय यादीच हलायची नाही, दोन दिवस सर्व्हरला शिव्या घातल्या. शेवटी व्ही-मॉडेल काढून व्हॅल्यू आणि इनपुट इव्हेंट वेगवेगळे बांधले.

रामबागवाली

मराठी नावांवरून आठवलं, जीरावन, यादीत शोध देणार असशील तर आत्ताच बघून ठेव. कऱ्हाडकर हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर मराठीचा तो नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. डोळ्याला दोन्ही सारखे, कर्‍हाडकर आणि कऱ्हाडकर, पण तुलना केली तर जुळत नाहीत, आणि युनिकोडची रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइझ फंक्शन लावलं तरी जुळत नाहीत. न दिसणारे कॅरेक्टर सरसकट उडवलेस तर नावाचा कर्हाडकर होतो आणि ते कुटुंब पुढच्या वर्षी वर्गणी देणार नाही. दाखवायला मूळ नाव ठेव, शोधासाठी वेगळी प्रत बनव आणि तिच्यात दोन्ही रूपं एकाच रूपात आण.

जीएसटीच्या खान्याला सीएसएसनं (पानाची सजावट करणारी भाषा) कॅपिटल केलं असशील तर ते नुसतं दिसायला, व्हॅल्यू स्मॉलच जाते. टूअपरकेस लाव, पण तेसुद्धा ब्लरला आणि सेव्ह करताना, टाइप करताना लावलंस तर तोच कर्सरचा खेळ. आपल्या मध्य प्रदेशाचे नंबर २३ नं सुरू होतात, एकूण १५ अक्षरं, तेवढं तपासलं तरी निम्म्या चुका तिथेच सापडतील. मोबाईल आणि पिनकोड मात्र स्ट्रिंगच ठेव, त्यांची बेरीज कुणी करत नाही.

जीरावन_जेएस, इंदूर

जुने कोडर दादा, खाली जिवंत आकडा दाखवायची आयडिया काकांना इतकी आवडली की त्यांनी स्वतः दहा मिनिटं नुसती शून्यं टाइप करून बघितली. फंक्शन एकच केलं, देवनागरी आकडे पण चालले. नॅन घरातून गेला.

तारखेतही एक किडा सापडला, २७ ऑगस्ट २०२५, चतुर्थीच्याच दिवशीच्या पावत्या यादीत २६ ला दिसत होत्या. मी तारखेचा डेट ऑब्जेक्ट करून टूआयएसओस्ट्रिंगनं सेव्ह करत होतो, आपली रात्री बाराची वेळ तिकडे युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा होते. आता डेटच्या खान्यातून येणारी वर्ष-महिना-दिवसवाली स्ट्रिंग तशीच ठेवतो.

आता नवीन फर्माईश, पावतीवर "अक्षरी रुपये" पाहिजेत, मराठीत. इंटलमध्ये काही आहे का?

जुना_कोडर

नाही, इंटल आकडे सजवतं, शब्दांत लिहीत नाही. कोटी, लाख, हजार, शंभर असे तुकडे पाडायला सोपे आहेत, पण आतले ० ते ९९ चे शब्द हातानंच यादीत लिहावे लागतील, सूत्र शोधत बसू नकोस. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी लाइन लागते आणि तुला वाटतं जमलं, मग ९९ ला नव्व्याण्णव येतं. यादी झाली की घरातल्या कुणा मोठ्या माणसाला वाचून दाखव, इंदुरात वाढलेल्या आपल्या पोरांना त्रेसष्ट आणि त्र्याहत्तरमध्ये हमखास अडखळायला होतं.