सव्हॉय रेकॉर्ड्स: लुबिन्स्कीला नुसत्या शिव्या घालून भागेल का?

खर्जातला (धागाकर्ता)

जॅझच्या गप्पांत हर्मन लुबिन्स्कीचं नाव निघालं की 'चोर' आणि 'चिकट' यापुढे गाडी जात नाही. चिकट होता, वाद नाही. पण त्याच्या सव्हॉय या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, जे करून ठेवलं त्याचं काय?

१९४२ साल. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात मार्केट स्ट्रीटवर याचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. बड्या कंपन्यांपैकी डेका १९४३ मध्ये नमली, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. त्यात युद्धामुळे शेलॅकचं रेशनिंग (शेलॅक म्हणजे लाख, ती बरीचशी आपल्याच देशातून जायची). या पोकळीत जी छोटी लेबलं घुसली त्यातलं सव्हॉय एक. २६ नोव्हेंबर १९४५ ला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने स्वतःच्या नावावर पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं ते सव्हॉयसाठी. ट्रम्पेटवर एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस, ड्रम्सवर मॅक्स रोच आणि 'को-को'मध्ये ट्रम्पेट वाजवायला डिझी गिलेस्पी. बीबॉप ही जॅझची तेव्हाची नवी शैली म्हणजे काय, हे त्या एका दिवसाच्या कामातून कळतं.

दुसरीकडे त्याच लेबलवर नाचाच्या तबकड्या: हॅल सिंगरची 'कॉर्नब्रेड', बिग जे मॅकनीलीची 'डीकन्स हॉप', आणि चौदा वर्षांची लिटल एस्थर १९५० मध्ये थेट रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली. माझं मत असं, की हे दोन्ही एका छताखाली होतं म्हणूनच सव्हॉय महत्त्वाचं. माणूस वाईट म्हणून काम मोडीत काढायचं का?

काळी चार

काम मोडीत कुणीच काढत नाही. ते काम लुबिन्स्कीचं होतं, यालाच आमची हरकत आहे. बाजा पार्करने फुंकला. स्टुडिओत वादक जमवायचं, त्यांना वेळेवर आणायचं काम टेडी रीगचं. शेठजींनी काय केलं?

त्यांनी काय केलं ते सांगतो. त्याच २६ नोव्हेंबरला पार्करने 'नाउज द टाइम' वाजवलं. बारा मात्राखंडांचा ब्लूज, वर छोटीशी धून. तीन वर्षांनी पॉल विल्यम्सने सव्हॉयसाठीच 'द हकलबक' रेकॉर्ड केलं. दोन्ही लागोपाठ ऐका, धून तीच आहे. १९४९ मध्ये ते चौदा आठवडे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं होतं. पुढे सिनात्रानेही गायलं. आणि रचनाकार म्हणून नाव कुणाचं? अँडी गिब्सनचं. पार्करचं नाव कुठेच नाही. एकाच कपाटात दोन्ही मास्टर (मूळ ध्वनिमुद्रणं) पडलेले असताना मालकाला हे कळलं नसेल, हे मला पटवून दाखवा.

खर्जातला

@काळी चार, मग 'को-को'चंही बोलू. ते रे नोबल या संगीतकाराच्या 'चेरोकी' गाण्याच्या कॉर्ड्सवर (धुनीखालच्या साथीच्या स्वरसमूहांवर) उभं आहे. अर्धवट सोडलेल्या पहिल्या टेकमध्ये (ध्वनिमुद्रणाच्या प्रयत्नात) मंडळी चक्क 'चेरोकी'ची धून सुरू करतात आणि त्यांना थांबवलं जातं, हे अजूनही ऐकता येतं. धून वाजली असती तर नोबलला पैसे द्यावे लागले असते. नुसत्या कॉर्ड्सवर कुणाचा हक्क नसतो, म्हणून नोबलला छदाम नाही. पार्करने उचललं तर प्रतिभा आणि गिब्सनने उचललं तर चोरी?

आणि ब्लूजची ती चार सुरांची वळणं कुणाच्या बापाची नव्हती. ती बँडवाल्यांत आधीपासून फिरत होतीच.

दोन सेंटवाला

इथे दोघांनीही कायदा बाजूला ठेवलाय, आणि खरी गंमत तिथेच आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने तबकडीवरच्या प्रत्येक गाण्यामागे रचनाकाराला २ सेंट द्यायचे ठरले होते. हा दर १९७८ पर्यंत हलला नाही. तबकडीला दोन बाजू, म्हणजे नगामागे ४ सेंट. मालकाने वादकाकडून 'नवी' रचना घ्यायची आणि तिचे हक्क स्वतःच्या प्रकाशन कंपनीत टाकायचे, की ते ४ सेंटही घरातच. बीबॉपवाल्यांच्या इतक्या रचना जुन्या गाण्यांच्या सांगाड्यावर नवी धून चढवून का आल्या? कलात्मक कारणं आहेतच, पण हेही एक कारण आहे.

ज्यूकबॉक्सचं, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवणाऱ्या यंत्राचं, तर विचारूच नका. त्याच कायद्यात ज्यूकबॉक्सला सूट होती. 'हकलबक' बारमध्ये हजार वेळा वाजलं तरी त्या वाजण्याबद्दल रचनाकाराला शून्य.

त्यामुळे खर्जातला यांचा नोबल-मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण नोबलला टाळून वाचलेले पैसे पार्करच्या खिशात गेले नाहीत.

मांजराकाठ

आमच्याकडे ऊसतोडीला मुकादम उचल देतो आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही. लेबलांचा हिशोब तसाच. स्टुडिओचं भाडं, साथीदारांचे पैसे, सगळं गायकाच्या नावे उधार, आणि विक्रीतून ते फिटेपर्यंत रॉयल्टी नाही. ते फिटलं की नाही हे ठरवणारी वही मालकाकडे.

आणि हे फक्त सव्हॉयपुरतं नव्हतं. ज्या अटलांटिक लेबलचं आपण सगळे कौतुक करतो, तिथली गायिका रूथ ब्राउन. तिच्या गाण्यांवर कंपनी उभी राहिली असं म्हणतात, आणि साठच्या दशकात तिला घरकाम करून पोट भरावं लागलं. तिने वर्षानुवर्षं भांडण लावून धरलं तेव्हा १९८८ मध्ये अटलांटिकने जुन्या कलाकारांच्या नावावरची असली येणी सोडून दिली. मग एकट्या लुबिन्स्कीलाच सुळावर का चढवायचं?

सानुनासिक

कारण जिमी स्कॉट. अजून कुणी नाव कसं घेतलं नाही?

जन्मजात विकारामुळे ज्याचा आवाज फुटलाच नाही असा हा गायक. ऐकताना बाई गातेय की पुरुष, हा प्रश्न पहिल्या ओळीनंतर गळून पडतो. पन्नासच्या दशकात सव्हॉयकडे गायला. पुढे रे चार्ल्सने स्वतःच्या टँजरीन लेबलवर त्याचा अल्बम काढला, सोबतीला पियानोवर रे चार्ल्स स्वतः. बाजारात आला आणि लुबिन्स्कीने जुन्या कराराचा दावा ठोकला. अल्बम मागे घेतला गेला. पुढे अटलांटिकसाठी गायला, तिथेही तेच शुक्लकाष्ठ. स्कॉट क्लीव्हलंडला परतला आणि हॉटेलात वगैरे नोकऱ्या करत राहिला. नव्वदच्या दशकात लोकांना पुन्हा सापडला तेव्हा साठी उलटलेली.

'सगळेच तसे होते' हे पैशाबद्दल म्हणा हवं तर. पण स्वतः रेकॉर्ड करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही, यात धंदा तरी कुठला?

खर्जातला

स्कॉटच्या बाबतीत मी वकिली करणार नाही.

पण एक सांगा. पार्करचे अर्धवट, फसलेले टेक आज विद्यार्थी सूर न् सूर मांडून अभ्यासतात. ते उरले का? लुबिन्स्की काही फेकून देत नव्हता म्हणून. एका रचनेचे चार टेक असले तर चारही विकायचा. हाव म्हणा, पण आपला अभ्यास त्याच हावेवर चाललाय. १९५५ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने नेता म्हणून केलेलं पहिलं रेकॉर्डिंगही सव्हॉयचंच, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या हॅकेनसॅकमधल्या स्टुडिओतलं.

काळी चार

त्याच व्हॅन गेल्डरकडे ब्लू नोट या लेबलचा मालक आल्फ्रेड लायनही जायचा, आणि तो वादकांना तालमीचेही पैसे द्यायचा. म्हणजे त्याच काळात, त्याच गावंढ्या हॅकेनसॅकमध्ये, दुसऱ्या तऱ्हेने वागणं शक्य होतं. 'काळच तसा होता' ही पळवाट इथे बंद होते.

एडिसनकर

आमच्या घरापासून न्यूअर्क ट्रेनने अर्ध्या तासावर. इथल्या मराठी मंडळाच्या संगीतवेड्यांनाही सव्हॉय माहीत नाही, म्हणून धाग्याबद्दल आभार. एक भर: तुम्ही सगळे जॅझवर अडलात, पण पुढे या लेबलची खरी कमाई गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, होती. जेम्स क्लीव्हलंडचं 'पीस बी स्टिल' १९६३ चं, न्यू जर्सीतल्याच चर्चमध्ये मुद्रित केलेलं, आणि वर्षानुवर्षं खपत राहिलं.

दोन सेंटवाला

रॉयल्टीवरून लता-रफी यांनी साठच्या दशकात काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं होतं, ते आठवलं. रफींचं म्हणणं, गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. पार्करच्या पिढीतही असं म्हणणारे होते, कारण रोख आज हातात पडायची. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला कायद्याचं नीट बळ मिळायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली.

नवशिका

वाद राहू दे, ऐकायची सुरुवात कुठून करू?

खर्जातला

'को-को'. मग 'कॉर्नब्रेड'.

सानुनासिक

रे चार्ल्सबरोबरचा तो अडवलेला अल्बम आता पुन्हा निघालाय. 'को-को' नंतरही ऐकता येईल.