शब्द हवाय : ‘मोटिफ’ आणि ‘रिपीट’

पाटीपेन्सिल : पुण्यातल्या कापडांच्या प्रदर्शनासाठी पाट्या मराठीत करतेय. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या १८८३च्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’ या छापील कापडाचा मोटिफ, म्हणजे नक्षीतला मुख्य आकार, त्याच्या केल्म्स्कॉटच्या घराच्या बागेत स्ट्रॉबेऱ्या चोरणाऱ्या थ्रश पक्ष्यांवरून सुचला. थ्रशला कस्तूर लिहिलं. मोटिफचं ‘आकृतिबंध’ केलं, ते संपादकांनी खोडलं. रिपीटला, म्हणजे नक्षीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येण्याला, शब्दच नाही.

सदाशिव_दुपार : खोडलं ते बरं. आकृतिबंध म्हणजे सरकारी खात्यातली मंजूर पदं. ‘नक्षीघटक’ करा.

ठसेवाली : नक्षीघटक कोण बोलतं? सुटं छोटं फूल ती बुट्टी, मोठं तो बुट्टा, काठाने धावते ती वेल. मॉरिसचे पक्षी वेलीत गुंतलेत, सुटे नाहीत, म्हणून तिथे बुट्टा नको, नुसती ‘नक्षी’.
रिपीटला ‘आवर्तन’. ठशाच्या उजव्या कडेला तुटलेला देठ पुढच्या छापाच्या डाव्या कडेच्या देठाला बरोबर मिळायला हवा, समेवर आल्यासारखा. ठसा सूतभर सरकला की देठाला पायरी पडते, आणि दहा छापांत चूक साठत जाते. म्हणून ठशाच्या कोपऱ्यात खुणेचा ठिपका ठेवतात. शेजारची उभी ओळ अर्ध्या आवर्तनाने खाली उतरवली की फुलांचे आडवे पट्टे दिसत नाहीत.

सदाशिव_दुपार : पुण्यात आवर्तन म्हणजे खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी! आणि बुट्टी हिंदीतून आलीय.

ठसेवाली : नक्षी अरबी ‘नक्श’वरून. तीही काढता?

काठपदर : पैठणीत मोटिफ शब्दाची गरजच पडत नाही. पदरावर बांगडीमोर, काठाला मुनिया, नाहीतर अजंठा कमळ. थेट नावच घेतात. मोराची मान जवळून बघा, गोल नसते, बारीक पायऱ्यांची असते. रंगीत बाणा (आडवा धागा) नक्षीपुरताच नेऊन परत वळवतात, त्यामुळे वळण ताणे (उभे धागे) मोजून काढावं लागतं. मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील तर ती हातची पैठणी नव्हे.
आणि पाटीवर कोयरीला कैरी लिहू नका.

रविवारची_आळी : का? आकार कैरीचाच आहे की.

काठपदर : कोयरी म्हणजे हळदीकुंकवाची डबी. नक्षीला नाव तिच्यावरून.

रविवारची_आळी : उलट! कोय, तिची कोयरी. डबीला नाव नंतर पडलं.

ठसेवाली : इराणात याच आकाराला ‘बोतेह’ म्हणतात, आणि तो वाऱ्याने वाकलेला सरू आहे असंही एक मत आहे. म्हणजे आंब्याचा संबंधच नाही! काश्मिरी शालींवर तोच. स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात त्या शालींच्या नकला विणल्या, म्हणून इंग्रजीत त्या गावाचं नाव.

सदाशिव_दुपार : सरू असेल तर आमच्याकडे येऊन आंबा झाला. चालतंय.

पाटीपेन्सिल : मंडळी, रिपीट? पाट्या शुक्रवारी छापायला जातायत.

काठपदर : आधी हे ठरू दे, कोयरी की कुयरी?